रेघेखाली दोन हात

शांतूशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. विहिरींत सुरुंग लावून लावून त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात असेल नसेल तेवढंच उरलं होतं. चाळीस वर्षं त्याच्याशी ओरडून बोललो, त्यामुळे माझा आवाजच तसा बसला. घरात मीठ मागितलं तरी चार घरांना ऐकू जायचं. सरू, माझी बायको, म्हणायची, "अहो, मी बहिरी न्हाई. भाऊजी तिकडं ऱ्हातात, तिकडं जाऊन वरडा." आता सरू नाही आणि शांतूही नाही. घरात मोठ्यानं बोललो काय आणि हळू बोललो काय, सारखंच. कधी कधी दिवस मावळतो तेव्हा ध्यानात येतं की आज तोंडातून एक शब्द निघालेला नाही.

पाळकसाहेब म्हणाले, मंडळीतल्या जुन्या माणसांवर लिहून द्या, पुढच्या पोरांना वाचायला राहील. मी चौथी शिकलेला. जन्म गेला मोटारी भरण्यात, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. त्यामुळे वाडीत सगळे मला मेस्त्री म्हणतात. पाळकसाहेब म्हणाले, चांगलं चांगलं लिहा. ते मला जमायचं नाही. झालं तसं लिहितो.

त्याचं पूर्ण नाव शांतवन. धंद्यानं गवंडी, त्यातही विहिरींचा. पिंपरी पेंढारच्या अलीकडं आमची वाडी आहे, ख्रिस्ती लोकांची नऊ घरं, पत्र्याचं एक देऊळ, बाकी आजूबाजूला मराठ्यांची शेतं. तिथून आणे पठारापर्यंत जुन्या विहिरी बघत गेलात तर निम्म्यांना शांतूचा हात लागलेला सापडेल. पठारावरचा खडक लई वाईट. तिथंच त्याचे कान गेले. उंचीला बेताचा, पाय फेंगडे, बोटं अशी जाड की शर्टाची गुंडी त्याची मुलगी लावून द्यायची. खिशात कायम ओळंबा. भिंत सरळ आहे का बघायचं ते दोरीला बांधलेलं वजन, ते घेऊन तो देवळातसुद्धा यायचा. कुणी काही वाद घातला की तो ओळंबा काढून समोर लोंबता धरायचा, थांबेपर्यंत हलू द्यायचा आणि परत खिशात ठेवायचा. बोलायचा काहीच नाही. भांडणाऱ्या माणसाला त्याचा लई राग येई. मला तर यायचाच.

देवळात तो पहिल्या बाकावर बसायचा, ऐकू यावं म्हणून. ऐकू काहीच यायचं नाही. गाणं सुरू झालं की हा आपला एक कडवं पुढं. सगळी मंडळी दुसऱ्या कडव्यात आणि शांतू तिसऱ्यात. पेटीवाला पोरगा हसायचा. शेवटी शांतूचं गाणं आधी संपायचं, मग तो हात बांधून आमची वाट बघत उभा राहायचा, आम्ही मागं राहिलो म्हणून.

आणि त्याची प्रार्थना. जेवायला बसला, की मग ते कुणाचंही घर असो, लग्नाचा मांडव असो, बांधावर भाकरी असो, तो आधी हातभर बाजूला सरकायचा. शेजारी जागा करायचा. डोळे मिटून म्हणायचा, "बापा, इथं बस." झाली प्रार्थना. लगेच खायला सुरुवात. मी एकदा त्याला ओरडून विचारलं, "अरे एवढीशी प्रार्थना? ह्याला काय प्रार्थना म्हनायची?" तो म्हणाला, "पावण्याला बसाया जागा दिली की पुढलं तो बघतो. मी कशाला बोलत बसू? माझी भाकर गार हुती."

वाडीत मला शहाणा म्हणत. आहेच मी शहाणा, खोटं कशाला बोलू. तहसीलीतलं काम असो, वायरमनला पटवायचं असो, लोक माझ्याकडं यायचे. शांतूकडं कुणी सल्ला मागायला जात नव्हतं. काम बिघडल्यावर मात्र जाऊन बसायचे त्याच्यापाशी. का ते मला कधी कळलं नाही, कारण त्याला त्यांचं अर्धं ऐकूच यायचं नाही.

देवळाच्या कुंपणाचं झालं ते सांगतो. देवळाशेजारी बबनरावाची जमीन. बबनराव माणूस वाईट नाही, पण बांध दर वर्षी वीतभर खायचा. नांगर फिरवताना फाळ जरा इकडं, झालं. बारा-तेरा वर्षांत देवळाची सहा-सात हात जागा गेली. मी मंडळीचा पंच होतो. मी बेत केला. मोजणी आणायची, खुणा घालून घ्यायच्या आणि बबनराव लेकीच्या लग्नाच्या गडबडीत असताना भिंत उभी करून टाकायची. लग्नघरातला माणूस भांडायला येत नाही, हा माझा हिशेब. पाळकसाहेबसुद्धा हो म्हणाले. भिंत बांधायचं काम शांतूला दिलं.

मी दोन दिवस पेठेला मोटारीच्या कामावर होतो. परत येऊन बघतो तर भिंत सरळ येते येते आणि बबनरावाच्या कडुलिंबापाशी आत वाकते. त्या झाडाखाली त्याची म्हैस बांधलेली असायची. मोजणीप्रमाणं ते झाड आपल्या हद्दीत येत होतं. शांतूनं झाड बाहेर सोडलं होतं आणि भिंतीत त्याच्या बाजूनं दगडाची एक डोणी बसवली होती, जनावराला पाणी प्यायला. आपल्या भिंतीत, त्याच्या म्हशीसाठी.

मी त्याच्या कानात ओरडलो, "ही भिंत वाकडी कशी काय झाली? तुझा ओळंबा मेला का?"

"ओळंबा उभ्याला लागतो," तो म्हणाला. "आडव्याला डोळे लागत्यात. म्हशीला सावली कुठली?"

"आपली जागा गेली त्याचं काय?"

"जागा हाय की तिथंच. कुठं गेली?"

मी वाट बघितली, बबनराव येऊन आभार मानेल, निदान पुढं बांध तरी खाणार नाही. आभार मानले नाहीत. दोन वर्षांनी त्यानं पलीकडच्या बाजूनं पुन्हा वीतभर खाल्ला. मी शांतूला हाताला धरून नेऊन दाखवलं. म्हटलं, "बघ. तुझ्या डोणीचा काय उपेग झाला?" तो वाकून डोणीत बघत राहिला. म्हणाला, "म्हैस पाणी पितीया की."

असा माणूस. ह्याला देवाचं शहाणपण म्हणायचं की अडाणीपणा, ते मी अजून ठरवतोय.

कारण सगळंच काही म्हशीच्या पाण्याएवढं सोपं नव्हतं. त्याची बायको लवकर वारली. एक मुलगी, रिबका. लहानपणी तिला फिट यायची. मोठी झाली तशी थांबली, सात-आठ वर्षांत एकदाही आली नव्हती. तिला पेठेकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिपाई, घर चांगलं, देवभिरू माणसं. मी आणि सरूनं पुढं होऊन जमवलं होतं. बोलणी करायच्या आदल्या दिवशी मी शांतूला घरी बोलावून, दार लावून, ओरडून समजावलं. दार लावून ओरडण्यात काही अर्थ नव्हता, पण दुसरा इलाज काय. म्हटलं, "फिटचं काढू नको. बंद झालंय ते. विचारलं तर सांग, न विचारता सांगू नको. हे खोटं बोलणं नव्हं."

त्यानं मान हलवली. मला वाटलं पटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले, पोहे आले. शांतू हातभर बाजूला सरकला, "बापा, इथं बस" म्हणाला आणि डोळे उघडल्या उघडल्या पाहुण्यांना म्हणाला, "पोरीला लहानपणी फिट यायची. आता येत न्हाई. पुढं येईल का न्हाई ते मला म्हाईत न्हाई." पाहुण्यांनी पोहे संपवले. जाताना हात जोडले. निरोप कधी आलाच नाही.

मी चिडलो. "तुझ्या शहाणपणानं पोर घरात बसली," असं त्याच्या तोंडावर म्हटलं. त्याला ऐकू आलं, कारण त्याचा चेहरा उतरला. रिबका बापाशी दोन महिने बोलली नाही. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. शांतू एकटाच जेवायचा, हातभर सरकून. सरू ते बघून आली आणि रडली. तीन वर्षांनी तिचं लग्न नाशिकच्या एका बिजवराशी झालं, त्याला आधीचा एक मुलगा होता. संसार चांगला झाला तिचा, पण तो पेठेकडच्यापेक्षा चांगला झाला की वाईट, हे कोण मोजणार? मी शांतूला नंतर एकदा विचारलं, पस्तावा होतो का. तो म्हणाला, "पोरीकडं बगितलं की व्हतो. डोळे मिटले की न्हाई व्हत."

आता विहिरीचं. तेच लिहायचं म्हणून बसलो होतो आणि म्हशीपाशी वेळ काढला.

आमची एक सामाईक विहीर आहे. मी, शांतू आणि बबनराव, तिघांत. पाणबुडी मोटारी आल्या तेव्हा तिघांनी तीन सोडल्या. ही मोटार पाइपाला आणि तारेच्या दोराला लोंबती पाण्यात असते. मोटार जेवढी खाली, तेवढं शेवटचं पाणी तिला मिळतं. म्हणून तिघांनी बसून ठरवलं. शांतू विहिरीत उतरला आणि बुडापासून अडीच हातांवर खडकात छिन्नीनं एक रेघ मारली. तिच्या खाली कुणाची मोटार जायची नाही. रेघेखालचं पाणी उन्हाळ्यात तिन्ही घरांच्या पिण्यासाठी आणि जनावरांसाठी, बादलीनं शेंदून काढायचं. बबनरावानं विहिरीला नारळ फोडला, आम्ही प्रार्थना केली, चहा झाला.

एका उन्हाळ्यात माझी टोमॅटोची बाग ऐन फळावर होती आणि विहीर रेघेला टेकली. मोटारी उचलायचं, सोडायचं काम माझंच. विहिरीवर उभं करायचं तीन पायांचं तिकाटणं माझं, साखळी माझी. शांतू एका मयताला गेला होता, बबनराव बाजारला. मी माझी मोटार उचलली, पाइपाला दोन हातांचा तुकडा जोडला आणि परत सोडली. वरून काहीच दिसत नाही. पाणी आलं. बाग वाचली. म्हटलं, पाऊस पडला की तुकडा काढू.

नऊ वर्षं नाही काढला.

सरूला मीच सांगितलं, मोठेपणानं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "पिन्याचं पानी हाय ते." मी म्हटलं, "पाऊस येईपतूर." त्यानंतर ती त्याबद्दल बोलली नाही. पण उन्हाळ्यात शांतूची बादली नुसती बुडाला खरवडायला लागली की ही आमच्या मोटारीच्या नळावर कळशी भरून त्याच्या दारात नेऊन ठेवायची. रोज, डोक्यावर. आणि शांतू येऊन माझे आभार मानायचा. त्याचंच पाणी, आणि आभार माझे. मी म्हणायचो, "असू दे, असू दे." एकदा तो म्हणाला, "वहिनीच्या हातचं पानी गोड लागतं." मी म्हटलं, "एकाच हिरीचं हाय की." त्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाला. "एकाच हिरीचं."

बुडाशी बसलेली मोटार गाळ ओढते आणि जळते. हे मला कुणी शिकवायला नको. पण नऊ वर्षांत माझी मोटार एकदाही जळली नाही. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ही बघा माझ्या हातची भरणी, अशी भरणी तालुक्यात नाही. लोक मान हलवायचे. मलाही ते खरं वाटायचं. दर वैशाखात विहिरीचा गाळ काढायला शांतू उतरायचा, कारण बांधकाम त्याचं. माझे गुडघे गेलेले, बबनरावाला खोलीची भीती. शांतू सकाळी उतरायचा आणि दुपार कलल्यावर वर यायचा. खालून ठोकल्याचा आवाज यायचा. वरून ओरडून काय करतोस विचारलं तरी त्याला ऐकू यायचं नाही. मी आणि बबनराव वर बसून बिड्या ओढायचो.

ह्याच वर्षांत कधीतरी पाळकसाहेबांनी दोन शहाणपणांवर उपदेश केला. एक माणसाचं, आपल्यापुरतं बघणारं. एक देवाकडून येणारं, दुसऱ्याला जागा करून देणारं. चांगला उपदेश होता. शांतू पहिल्या बाकावर बसून पाळकसाहेबांच्या तोंडाकडं बघत होता, त्याला एक अक्षर कळलं नसेल. माझे कान ठणठणीत. मी सगळं ऐकलं आणि मान हलवली. सरू बायकांच्या बाजूनं माझ्याकडं बघत होती. मी तिकडं बघितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सरू आजारी पडली ती उठली नाही. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "भाऊजींना सांगा. मी न्हाई सांगितलं, तुमची बायको म्हनून. नऊ वरसं कळशी वाहिली, आता माझ्याच्यानं हुईना. तुमी सांगा." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मोटार वर घेऊन मोकळं होऊ नका. आधी तोंडानं सांगा." ओळखून होती मला. मोटार गुपचूप वर घ्यायची, हाच माझा बेत होता.

तिच्या कबरीचा ओटा शांतूनं बांधला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कुणाला हात लावू दिला नाही. आठ दिवस रोज यायचा. एक दगड ठेवायचा, ओळंबा धरायचा, काढायचा, परत ठेवायचा. मी शेजारी बसून असायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. पण त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं. कबरस्तान रस्त्याला लागून आहे. गवळी जातात, शाळेची पोरं जातात. अशी गोष्ट माणूस हळू सांगतो, खाली मान घालून. शांतूला हळू काही सांगताच येत नव्हतं. कागदावर लिहून द्यावं तर तो वाचायला रिबकाला किंवा पाळकसाहेबांना देणार. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ओटा पुरा झाला. त्यानं हात पुसले, माझ्या खांद्यावर ठेवले आणि म्हणाला, "मेस्त्री, घरला जाऊन जेव." मी गेलो. जेवलो नाही.

नाताळ गेला, ईस्टर गेला. सांगायचं तसंच ठेवून मी वाडीतल्या घरांत हिंडून पुन्हा घरी येत होतो. हळूहळू मला सरूची आठवणसुद्धा त्या पाइपाच्या तुकड्यापाशी येऊन अडकायला लागली. डोळे मिटले की तिचं तोंड दिसायच्या आधी डोक्यावरची कळशी दिसायची.

वैशाखात रिबका आली. म्हणाली, "काका, पप्पांना आता एकटं ठेवत न्हाई. न्हेते नाशिकला." शांतूनं दोन पिशव्या भरल्या. ओळंबा खिशात घातला. बबनरावानं आपला टेम्पो काढला आणि आम्ही चौघं आळेफाट्याला आलो.

स्टँडवर गर्दी. लग्नसराईचे दिवस. आमच्या वाडीकडचे, पेंढारचे, ओळखीचे पन्नास लोक. नाशिकची एसटी लागली. रिबकानं त्याला चढवून खिडकीपाशी बसवलं आणि ती पिशव्या ठेवायला मागं गेली. मी खिडकीखाली उभा. बबनराव शेजारी. ड्रायव्हर चढला. तेव्हा मला कळलं की आता नाही तर मग नाही.

"शांतू," मी ओरडलो. "माझी मोटार रेघेच्या खाली हाय."

त्यानं कानामागं हात धरला. "काय?"

"मोटार. हिरीतली. दोन हात खाली सोडलीया. नऊ वरसं झाली."

बसमधली माणसं खिडकीला आली. पानाच्या टपरीवरचे दोघं वळून बघायला लागले. मी हातानं दाखवलं, एवढी, दोन हात. शांतू माझ्या तोंडाकडं बघत होता, पाळकसाहेबांच्या तोंडाकडं बघायचा तसा. मग त्यानं खिडकीतून तळवा पुढं केला, पुरे म्हणून.

"वरडू नगो," तो म्हणाला. "लोकं हाईत." आणि मग कामाचं काही राहून गेल्यासारखं म्हणाला, "यंदा गाळ काढाया कुनाला तरी उतरव. तुझ्या मोटारीखालचा खळगा भरू दिऊ नगो. जळंल ती."

एसटी हलली.

आम्ही टेम्पोत बसलो. पेंढारचा फाटा आला तसा बबनरावानं टेम्पो हळू केला. मला वाटलं, आता हा मला रस्त्यात उतरवणार. त्याचंही पाणी होतं ते.

"मेस्त्री," तो म्हणाला, "नऊ वरसं म्हनाला न्हवं का तुमी?"

"व्हय."

"माझी पाच झाली, राव. दीड हात." तो रस्त्याकडं बघूनच बोलत होता. "जुन्नरवरनं मानूस आनला व्हता. तुमाला कसं सांगनार?"

मी हसलो नाही. तोही नाही. दोघांनी नऊ आणि पाच वर्षं त्या विहिरीवर बसून एकमेकांना बिड्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकाटणं उभं केलं आणि दोन्ही मोटारी वर घेतल्या. बबनराव माझ्या पाइपाचा तुकडा कापायला करवत आणायला गेला. मी काठावर एकटा होतो. ऊन तिरपं होतं, विहिरीत अंधार. मी घरातून सरूचा आरसा आणला होता, भांगाचा, हातात धरायचा. पूर्वी विहिरीत काही पडलं की असा आरसा धरून ऊन आत सोडायचे. मी ऊन पकडलं आणि भिंतीवरून खाली खाली नेलं. रेघ दिसली. अजून ठळक होती. तिच्याबरोबर शांतूची मोटार लोंबत होती, ना वर ना खाली. मग बूड.

माझी मोटार जिथं होती, बरोबर त्याच्याखाली खडकात एक खळगा होता. पातेल्याएवढा गोल, छिन्नीनं कोरलेला, कडेला चपटे दगड लावून गाळ अडवलेला. त्यात टिचभर नितळ पाणी होतं. शेजारी बबनरावाच्या मोटारीखाली दुसरा, जरा लहान. ते काम एका दिवसाचं नव्हतं. दर वैशाखात थोडं थोडं केलेलं होतं. त्या ठोकण्याचा आवाज मी वर बसून ऐकला होता. नऊ वर्षं माझी मोटार माझ्या भरणीनं चालली नव्हती.

बबनराव करवत घेऊन आला. मी त्याला आरशानं दाखवलं. तो पोटावर पालथा पडून बराच वेळ बघत राहिला.

"तुमचा मोठा हाय," तो म्हणाला.

"मी जास्त खाली व्हतो," मी म्हटलं.

तुकडे कापले. मोटारी रेघेवर आणून बांधल्या. झऱ्यानं पाणी रेघेवर चढलं, आणि विहीर पुन्हा रेघेला टेकली तेव्हा आमच्या दोन्ही मोटारी एकाच दिवशी थांबल्या. माझी बाग निम्मी गेली. रेघेखालचं पाणी मात्र राहिलं. बबनरावाची सून येऊन शेंदायची, मीही एक बादली काढायचो. दुसऱ्या बादलीची मला गरज नव्हती.

श्रावणात रिबकाचा फोन आला. "काका, पप्पा सकाळी गेले. झोपेतच. तुमी येऊ नका, पाऊस लई हाय, तुमचे गुडघे." मी विचारलं, विहिरीचं काही बोलला का. ती म्हणाली, "कुठल्या विहिरीचं?" म्हणजे बसच्या गर्दीत मागं तिला माझं ओरडणं कळलं नव्हतं आणि त्यानं घरात सांगितलंसुद्धा नव्हतं. मी तिला काही बोललो नाही. आता हे तिच्या वाचण्यात येईल. येऊ दे.

बसचं एक सांगायचं राहिलं. एसटी हलली तरी लगेच निघाली नाही, पुढं रिक्षा आडवी आली होती. तेवढ्यात मला शांतू खिडकीतून परत दिसला. रिबका अजून मागंच होती, शेजारची जागा रिकामी होती. तो खिडकीकडं सरकला. हातभर जागा केली. डोळे मिटले, ओठ हलले. ते काय बोलले ते मला ऐकू यायची गरज नव्हती. तेवढ्यात एक बाई धापा टाकत चढली, काखेत भली मोठी पिशवी, वर कोंबडी. रिकामी जागा बघितली आणि धपकन बसली तिथं. शांतूनं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. मग पिशवी धरायला दोन्ही हात पुढं केले.